तांड्याचे गाणे आणि जगाचा बाजार

रामनवमीला पोहरादेवीस सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी बंजारा समाज लोटतो. नगारा-थाळीच्या तालावर गाणाऱ्या तेथील मंडळांची नावे मात्र पंचक्रोशीबाहेर कोणास ठाऊक नसतात. सहारातील तुआरेगही एकेकाळचे काफिलेवालेच. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘तिनारिवेन’ या पथकाची गाणी प्रथम हातोहाती फिरणाऱ्या कॅसेटींनी पसरविली. २०१२ मध्ये त्यास ग्रॅमी पुरस्कार लाभला. मागणी नसणे म्हणजे मूल्य नसणे नव्हे. पुष्कळदा माल बाजारापर्यंत पोचलेलाच नसतो.

मीठ-धान्याची लदेणी रेल्वेपुढे टिकली नाही, गाणे टिकले. पोहरादेवीत २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले, ही समाधानाची गोष्ट होय. आता गायकांच्या नावानिशी ध्वनिमुद्रणे व्हावीत आणि मोबदला त्यांच्याच हाती पडावा. एरवी नगारा काचेआड उरेल, गाणे वृद्धांबरोबर जाईल.