दाढ दाखवायला मिरजेला

दाढ ठणकायला लागली की आपण बायका काय करतो? लवंग धरतो. घरातली कामं उरकतो, मुलांची परीक्षा होऊ देतो, पाहुणे जाऊ देतो. आणि अगदीच झोप लागेना झाली की दवाखान्यात जाऊन सांगतो, "डॉक्टर, काढूनच टाका एकदाची!"

मैत्रिणींनो, एवढी घाई करू नका. लवंगेच्या तेलानं ठणका तात्पुरता बधिर होतो, कीड जात नाही. काहीजणी दुखऱ्या दाढेपाशी डोकेदुखीची गोळी दाबून ठेवतात. त्यानं हिरडी भाजते, हे तर मुळीच करू नका. दाढ काढली, की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची दाढ उतरू लागते आणि चावणं बिघडतं. वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करून ती वाचवता येते. डॉक्टर आतली सडलेली नस काढतात, बारीक नळ्या साफ करून भरतात आणि वर टोपी बसवतात. दाढेला अशा तीन-चार नळ्या असतात, म्हणून बऱ्याचदा दोन-तीन खेपा पडतात. "एवढ्या खेपा कोण घालणार?" इथंच आपलं अडतं.

खेप मिरजेची असेल, तर मी म्हणेन जरूर घाला! पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी बाजूंच्या गाड्या इथं येतात. दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर मराठीइतकंच कन्नडही कानावर पडतं. गावाला उपचारांची सवय जुनी आहे. कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. दातांची कॉलेजंही सांगली-मिरज परिसरात आहेत. खर्चाची काळजी असेल तर तिथं आधी चौकशी करा.

आणि गंमत पाहा. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्यानं भाजले. उपचारासाठी ते मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले! पुढे १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तर इथलेच झाले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. आपली तारीख त्याच सुमारास आली तर एक रात्र मुक्काम करायला हरकत नाही. घरचे एक दिवस पिठलं-भात करून खातील.

एरवी दवाखान्यातून निघालात की सतारमेकर गल्लीत चला. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, तेव्हापासूनचा हा धंदा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे दुकानांतून टांगलेले दिसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी लावणारा कारागीर दिसला तर जरा थांबा. घोडी तो कणाकणानं घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. दात भरल्यावर डॉक्टरही रंगीत कागद चावायला देऊन "उंच लागतंय का?" विचारतात आणि थोडं थोडं घासतात ना, तसंच! संकोचानं "बरंय" म्हणून उठू नका, उंच लागत असेल तर तिथंच सांगा.

भडंग मात्र पिशवीत राहू द्या. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका, गरम चहाही नको. जीभ, गाल चावला गेला तरी कळत नाही.

जाण्यापूर्वी साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी, सगळं कागदावर लिहून न्या. दिवस गेले असतील तर तेही सांगा. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा असतो, पण दुखणं असेल तर तोवर थांबू नका.

सासूबाई मिशरी लावत असतील तर त्यांनाही बरोबर घ्या. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं दात बळकट होत नाहीत, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर त्यांचा नंबर आपल्याआधी लावा.

आणि दुसऱ्या खेपेपर्यंत ठणका थांबेल. तेव्हाच "आता कशाला जायचं?" असं वाटतं. अर्धवट राहिलेली दाढ आतून पुन्हा सडते, टोपीवाचून फुटतेही. म्हणून पुढची तारीख घेऊनच उठा आणि घरी गेल्याबरोबर कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून टाका.