शालेय छळवणूक आणि कायद्यातील नामनिर्देशाचा प्रश्न : अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांचे विवेचन

प्रस्तावना

एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याचा छळ करणे ही बाब शाळा या संस्थेइतकीच जुनी आहे. मात्र तिला कायद्याचा विषय मानण्यासाठी विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. तोपर्यंत अशा छळाकडे मुलांच्या खोड्या, वयाचा अवखळपणा किंवा पुढील आयुष्यात टिकून राहण्याची पूर्वतयारी म्हणून पाहिले जात असे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दृष्टिकोनात मूलभूत बदल झाला. १९९९ मध्ये जॉर्जिया राज्याने शालेय छळवणुकीविरुद्ध कायदा केला आणि २०१५ मध्ये मोंटाना राज्याच्या कायद्याने पन्नास राज्यांची ही मालिका पूर्ण झाली.

सर्व राज्यांत कायदा असला तरी सर्व कायदे सारखे नाहीत. काही राज्यांनी छळास विशेषत्वाने बळी पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा, म्हणजे वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल, लिंगभाव ओळख इत्यादी कारणांनी लक्ष्य होणाऱ्यांचा, स्पष्ट उल्लेख केला. काहींनी केवळ 'कोणत्याही विद्यार्थ्याचा छळ करू नये' असे म्हटले. वरवर पाहता दुसरी भाषा अधिक व्यापक वाटते. प्रत्यक्षात नामनिर्देश करणारा आणि शाळेतील प्रौढांवर निश्चित कर्तव्य सोपविणारा कायदाच संरक्षण देऊ शकतो, असे या राज्यांच्या अनुभवावरून दिसते. प्रस्तुत लेखात या अनुभवाचे विवेचन करून त्याचा भारतीय उच्च शिक्षणाशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

१. संकल्पना

शालेय छळवणुकीचा शास्त्रीय अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात सुरू झाला. या क्षेत्रातील अग्रणी संशोधक डॅन ओल्वेअस यांनी छळवणुकीची तीन लक्षणे मांडली : कृतीमागे इजा करण्याचा हेतू असणे, ती पुनःपुन्हा घडणे आणि दोन्ही पक्षांच्या बळात असमतोल असणे. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ मध्ये राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. दोन तुल्यबळ मुलांचे भांडण आणि छळवणूक यांतील भेद तिसऱ्या लक्षणामुळे स्पष्ट होतो. ज्याचे बळ कमी आहे त्याला स्वतःच्या बळावर सुटका करून घेता येत नाही, म्हणून तेथे प्रौढांचा हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

समलिंगी, द्विलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा असमतोल आणखी एका कारणाने वाढतो. धर्म, वंश किंवा भाषा यांवरून हिणवल्या गेलेल्या मुलाची ती ओळख सामान्यतः त्याच्या कुटुंबाचीही असते. घरी परतल्यावर त्याला समदुःखी माणसे भेटतात. लैंगिक कलावरून छळल्या जाणाऱ्या मुलाला हा आधार मिळेलच असे नाही. तक्रार करणे म्हणजे स्वतःविषयीची गोष्ट घरी व शाळेत उघड करणे, अशी त्याची कोंडी होते. त्यामुळे तक्रारीची वाट पाहणारी यंत्रणा या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय 'बायकी' किंवा 'पुरुषी' दिसण्यावरून होणाऱ्या छळाला भिन्नलिंगी मुलेही बळी पडतात. म्हणजेच हा प्रश्न केवळ एका अल्पसंख्य गटापुरता मर्यादित राहत नाही.

२. न्यायालयीन पाया

अमेरिकेत छळवणुकीविरुद्ध स्वतंत्र संघीय कायदा नाही. त्यामुळे प्रारंभीचा लढा घटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वावर आणि शिक्षणातील लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या 'टायटल नाइन' या तरतुदीवर आधारलेला होता.

या संदर्भात नबोझनी विरुद्ध पॉडलेस्नी हा १९९६ चा निर्णय मूलभूत मानला जातो. विस्कॉन्सिन राज्यातील अ‍ॅशलंड येथील जेमी नबोझनी या समलिंगी विद्यार्थ्याचा माध्यमिक शाळेपासून अनेक वर्षे छळ झाला. त्याला मारहाण झाली, पोटात लाथा मारल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याने व त्याच्या पालकांनी वारंवार तक्रारी करूनही परिणामकारक कारवाई झाली नाही. विशेष म्हणजे लैंगिक कलावरून विद्यार्थ्यांमध्ये भेदभाव करण्यास विस्कॉन्सिनच्या कायद्याने आधीच मनाई केली होती. इतर विद्यार्थ्यांना जे संरक्षण दिले जाते ते केवळ लिंग वा लैंगिक कल यांमुळे नाकारणे हे समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे, या आधारावर सातव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने त्याचा दावा चालविण्यास मुभा दिली. पुढे ज्यूरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरले आणि सुमारे ९ लाख डॉलरच्या तडजोडीने प्रकरण मिटले. छळ करणारी मुले अल्पवयीन होती, परंतु न्यायालयासमोर उत्तर द्यावे लागले ते पाहूनही न पाहिल्यासारखे करणाऱ्या प्रौढांना.

१९९९ मध्ये डेव्हिस विरुद्ध मन्‍रो काउंटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला, की विद्यार्थ्याने विद्यार्थ्याच्या केलेल्या लैंगिक छळाबद्दलही 'टायटल नाइन'खाली शाळा जबाबदार ठरू शकते. तथापि त्यासाठी छळ गंभीर, व्यापक व वस्तुनिष्ठपणे आक्षेपार्ह असावा, शाळेला त्याची प्रत्यक्ष माहिती असावी आणि तिने जाणूनबुजून दुर्लक्ष केलेले असावे, अशा कठोर कसोट्या घालण्यात आल्या. या मार्गाने न्याय मिळतो तो बहुधा हानी होऊन गेल्यानंतर. म्हणून प्रतिबंधात्मक कायद्याची जबाबदारी राज्यांवर आली.

३. राज्यांच्या कायद्यांतील दोन प्रवाह

नामनिर्देशाच्या परंपरेतील एक प्रारंभीचे उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे आहे. १९९३ मध्ये या राज्याने सार्वजनिक शाळांतील समलिंगी विद्यार्थ्यांविरुद्धच्या भेदभावास कायद्याने मनाई केली. कॅलिफोर्नियाचा विद्यार्थी-सुरक्षा कायदा २००० मध्ये अंमलात आला. त्याच राज्यात २०११ मध्ये संमत झालेल्या 'सेथ्स लॉ'ने, छळ पाहणाऱ्या शाळा-कर्मचाऱ्याने सुरक्षितपणे शक्य असल्यास तत्काळ हस्तक्षेप केला पाहिजे, असे बंधन घातले.

या प्रवाहाचे सर्वांत तपशीलवार उदाहरण न्यू जर्सीचे आहे. तेथील २००२ च्या कायद्यात लैंगिक कल व लिंगभाव ओळख यांचा उल्लेख होता. २००७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टॉम्स रिव्हर प्रकरणात, कामाच्या ठिकाणच्या छळाला जे निकष लागू होतात त्याच धर्तीवर शाळेचे उत्तरदायित्व तपासले जाईल, असे ठरविले. सप्टेंबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठातील टायलर क्लेमेंटी या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर कायदा अधिक कठोर करण्याच्या मागणीला बळ मिळाले आणि जानेवारी २०११ मध्ये नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्यानुसार प्रत्येक शाळेत छळविरोधी तज्ज्ञ व प्रत्येक शालेय जिल्ह्यात समन्वयक नेमावा लागतो. घटनेची तोंडी माहिती त्याच दिवशी व लेखी माहिती दोन शालेय दिवसांत द्यावी लागते. चौकशी एका शालेय दिवसाच्या आत सुरू करून दहा शालेय दिवसांत पूर्ण करावी लागते. येथे कायदा केवळ काय निषिद्ध आहे ते सांगून थांबत नाही. कोणी, केव्हा व काय करावयाचे हेही सांगतो.

दुसऱ्या प्रवाहाचे टोक मिसूरी राज्यात दिसते. शाळांच्या छळविरोधी धोरणात संरक्षित गटांची विशिष्ट यादी असू नये, असे तेथील कायद्यातच नमूद करण्यात आले. सर्व विद्यार्थ्यांना समान वागणूक हे त्याचे घोषित तत्त्व आहे.

४. मौनाकडून नामनिर्देशाकडे : मिनेसोटाचा अनुभव

नाव न घेण्याचे परिणाम काय होतात, हे मिनेसोटा राज्याच्या उदाहरणावरून समजते. तेथील जुना कायदा अवघ्या ३७ शब्दांचा होता. शाळांनी छळविरोधी धोरण तयार करावे, यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. राज्यातील सर्वांत मोठ्या अनोका-हेनेपिन या शालेय जिल्ह्याने २००९ मध्ये असे धोरण स्वीकारले, की लैंगिक कलाविषयीच्या बाबींत शिक्षकांनी तटस्थ राहावे. हे धोरण अभ्यासविषयक होते, छळाला मोकळीक देण्याचा त्याचा उद्देश नव्हता. तथापि वर्गात समलिंगी विद्यार्थ्याची टवाळी होत असताना शिक्षकाने काही बोलणे हा तटस्थतेचा भंग ठरेल काय, हा संभ्रम त्यातून निर्माण झाला. ज्याचे नाव उच्चारणेच वादग्रस्त, त्याचे रक्षण करणेही वादग्रस्त ठरते.

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या घटनांनंतर हा जिल्हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. २०११ मध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने दावे दाखल झाले. २०१२ मध्ये तटस्थतेचे धोरण मागे घेण्यात आले आणि संघीय न्याय विभागाच्या सहभागाने पाच वर्षांच्या देखरेखीसह तडजोड झाली. २०१४ मध्ये राज्याने नवा कायदा केला. त्यात छळवणुकीची व्याख्या, लैंगिक कल व लिंगभाव ओळख यांसह कारणांची यादी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि तक्रार मिळाल्यापासून तीन शालेय दिवसांत चौकशी सुरू करण्याचे बंधन यांचा समावेश झाला.

५. आक्षेप व मर्यादा

नामनिर्देशावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा, की काहींचे नाव घेतल्याने इतरांचे संरक्षण दुय्यम ठरते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु न्यू जर्सीच्या कायद्याने 'अन्य कोणतेही वेगळेपण दर्शविणारे वैशिष्ट्य' असा शब्दप्रयोग जोडून यादी खुली ठेवली आहे. संशोधनाचा कौलही नामनिर्देशाच्या बाजूने आहे. हॅट्झेनब्यूलर व कीज यांनी ऑरेगॉन राज्यातील अकरावीच्या ३१,८५२ विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. लैंगिक कलाचा समावेश असलेली धोरणे जेथे अधिक होती तेथे समलिंगी विद्यार्थ्यांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण कमी आढळले. हा उल्लेख नसलेल्या छळविरोधी धोरणांचा मात्र तसा संबंध दिसला नाही. अर्थात अशा अभ्यासातून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. अप्रिय मत व्यक्त करणे आणि एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याला लक्ष्य करणे यांत भेद करावाच लागतो. शाळेबाहेरील अभिव्यक्तीविषयीच्या २०२१ च्या महनॉय निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या अधिकारावर मर्यादा घातल्या. परंतु विशिष्ट व्यक्तींना लक्ष्य करणारी गंभीर छळवणूक रोखण्यात शाळेचे हितसंबंध असू शकतात, हेही मान्य केले.

संघीय संरक्षण किती अस्थिर आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. 'टायटल नाइन'मध्ये लिंगभाव ओळखीचा समावेश होतो असे मार्गदर्शन २०१६ मध्ये देण्यात आले, २०१७ मध्ये ते मागे घेण्यात आले. २०२४ च्या नियमांत पुन्हा समावेश झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने ते नियम रद्द ठरविले. अर्थ लावण्यावर अवलंबून असलेले संरक्षण सत्तांतरासोबत बदलते. राज्य कायद्याच्या शब्दांत लिहिलेले संरक्षण बदलण्यासाठी विधिमंडळात जावे लागते.

६. भारतीय संदर्भ

भारतातील अशा स्वरूपाचे कायदे प्रामुख्याने महाविद्यालयीन रॅगिंगच्या प्रश्नातून निर्माण झाले. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. तक्रारीवर कारवाई करण्यात कसूर करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जाईल, ही त्यातील तरतूद नबोझनी प्रकरणातील तत्त्वाशी जुळणारी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन वर्ण, वंश, धर्म, जात, भाषा, आर्थिक स्थिती यांच्या जोडीने लिंग (तृतीयपंथीयांसह) व लैंगिक कल यांवरून होणारा शारीरिक वा मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येत आला. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निर्णयाच्या दोन वर्षे आधीची आहे.

शालेय स्तरावरील चित्र वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, परंतु त्याचा रोख मुख्यतः शिक्षकांच्या वर्तनाकडे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळविरोधी समित्या स्थापण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांत शैक्षणिक संस्थांमध्ये तक्रार समितीची तरतूद करण्यात आली. मात्र विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधील छळवणुकीबाबत शाळांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. परिणामी लैंगिक कलावरून छळल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याचा नियमांत स्पष्ट उल्लेख होतो तो तो महाविद्यालयात पोहोचल्यावर. आणि जो छळामुळे शाळेतूनच बाहेर पडला त्याच्यापर्यंत हा उल्लेख कधीच पोहोचत नाही.

समारोप

अमेरिकेतील राज्यांच्या अनुभवातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सर्वांसाठी म्हणून केलेली मनाई सर्वांत असुरक्षित विद्यार्थ्याला आपोआप लागू होत नाही. त्याचा उल्लेख करावा लागतो. दुसरा, उल्लेखाला प्रौढांच्या कर्तव्याची व निश्चित मुदतीची जोड नसेल तर तो कागदावरच राहतो. तिसरा, प्राध्यापक वा शिक्षकाची तटस्थता ही बलवान पक्षाच्या पथ्यावर पडते.

आपल्या महाविद्यालयांना लागू असलेल्या विनियमांत हा नामनिर्देश २०१६ पासून आहे. तथापि प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रापलीकडे त्याची चर्चा अभावानेच होते. रॅगिंग प्रतिबंधक समितीच्या पहिल्या बैठकीत या दुरुस्तीचे वाचन करणे, तक्रारदाराची ओळख पालकांसह कोणाकडेही त्याच्या संमतीविना उघड न करण्याची पद्धत ठरविणे आणि वर्गातील 'साध्या चेष्टे'ला त्याच क्षणी हरकत घेणे, यासाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याची आवश्यकता नाही.