हातातली विद्या

सुताराला काम करताना तुम्ही नक्कीच पाहिले असेल. उस्ताद लाकडावर पेन्सिलीने रेघ मारतो. शागिर्द त्या रेघेवरून करवत चालवतो. हात जरा वाकडा गेला, की उस्ताद म्हणतो, "असे नाही, असे!" आणि करवत स्वतः हातात घेऊन दाखवतो. तिथे फळा नसतो, पुस्तकही नसते. शागिर्द पाहतो, करतो, चुकतो आणि पुन्हा करतो. काही वर्षांनी उस्तादाच्या हातातली विद्या त्याच्या हातात येते.

पण एखादा उस्ताद शागिर्द तयार न करताच हे जग सोडून गेला तर? त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाईल. थायलंड देशातील एका वास्तुकारापुढे असाच प्रश्न उभा होता. त्याने तो कसा सोडवला, ते या पाठात वाचा.

थायलंड हा आग्नेय आशियातील देश आहे. 1939 सालापर्यंत त्याला सयाम म्हणत. बँकॉक ही त्याची राजधानी. या देशातील बहुसंख्य लोक बौद्ध धर्माचे आहेत. त्यांच्या विहाराला 'वाट' म्हणतात. बँकॉकमधला एखादा वाट पाहिला, की आधी नजर छपरावर जाते. ही छपरे उतरती असतात आणि एकावर एक अशी दोन-तीन थरांत रचलेली असतात. त्यांच्यावर रंगीत, चकचकीत कौले असतात. छपराच्या टोकावर पक्ष्याच्या मानेसारखा एक उंच, बाकदार तुरा असतो. त्याला 'छोफा' म्हणतात. छोफा म्हणजे आकाशाचा तुरा.

आता जरा नीट पाहा. भिंती आणि खांब अगदी सरळ उभे नसतात. ते वर जाताना किंचित आत कलतात. दारे-खिडक्याही खाली रुंद आणि वर थोड्या अरुंद असतात. कित्येक जुन्या इमारतींचा पायादेखील सरळ रेषेत नसतो. नावेच्या तळासारखा तो मध्ये थोडा खाली झुकतो. त्यामुळे एवढी मोठी इमारतही डोळ्यांना जड वाटत नाही.

भिंत किती कलवायची? छोफा किती उंच ठेवायचा? पायाला किती बाक द्यायचा? हे माप थोडे जरी चुकले, तरी इमारत बेढब दिसते. ही सारी मापे जुन्या कारागिरांच्या नजरेत आणि हातात होती. ती गुरूकडून शिष्याकडे जात. गुरूला थाई भाषेत 'ख्रू' म्हणतात. हा शब्द 'गुरू' या शब्दापासूनच झाला आहे.

आपल्या पाठातील वास्तुकाराचा जन्म 1890 साली झाला. त्याचे मूळ नाव ऊ लाफानोन. पुढे त्याला सरदारकीची पदवी मिळाली आणि लोक त्याला 'फ्रा फ्रोमफिचित' या नावाने ओळखू लागले. आपणही त्यांना याच नावाने ओळखू या. त्यांना गुरूही तसेच थोर लाभले. ते होते राजपुत्र नरिस.

राजपुत्र नरिस यांचा जन्म 1863 चा. ते राजा मोंगकुट यांचे पुत्र. ते चित्रे काढत, संगीत रचत आणि इमारतींचे आराखडे तयार करत. बँकॉकमधील 'वाट बेंचामाबोफित' हा प्रसिद्ध विहार त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधला गेला. त्याचे काम 1899 साली सुरू झाले. या विहारासाठी इटलीतील कारारा येथून पांढरा संगमरवर आणला होता. दगड परदेशी होता. पण छपराचे थर, छोफा आणि रेषा मात्र थाई होत्या. जुनी रीत सांभाळतानाही नवे साहित्य वापरता येते, हे या इमारतीने दाखवून दिले. थायलंडचे लोक आजही राजपुत्र नरिस यांना आदराने 'थोर गुरू' म्हणतात. 1963 साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा युनेस्कोनेही त्यांचा गौरव केला.

फ्रा फ्रोमफिचित या गुरूच्या हाताखाली काम करत शिकले. गुरूने कल्पना सांगावी, शिष्याने ती कागदावर उतरवावी आणि गुरूने ती तपासावी, असे हे शिक्षण होते. सुताराच्या दुकानातले शिक्षण आणि हे शिक्षण यांत तसा फारसा फरक नव्हता.

1941-42 साली बँकॉकच्या बांगखेन भागात एक नवा विहार उभा राहिला. आज त्याला 'वाट फ्रा सी महाथात' म्हणतात. त्याच्या मुख्य इमारतीचा आराखडा फ्रा फ्रोमफिचित यांनी केला. या विहारात ठेवण्यासाठी बुद्धाचे पवित्र अवशेष त्या वेळच्या हिंदुस्थानातून नेले होते. पण ही इमारत आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. ती सिमेंट-काँक्रीटची आहे.

जुन्या विहारांवरची नक्षी लाकडात कोरत किंवा चुन्यात घडवत. तिच्यावर सोन्याचा वर्ख लावत, काचेचे तुकडे जडवत. या कामाला वेळ आणि पैसा फार लागे. शिवाय लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते. काँक्रीट मजबूत असते. एकदा साचा केला, की त्यातून तीच नक्षी कितीही वेळा काढता येते. मात्र साच्यातून फार बारीक नक्षी नीट निघत नाही. म्हणून फ्रा फ्रोमफिचित यांनी जुनी नक्षी सोपी केली. रेषा कमी केल्या, कडा ठळक केल्या. तरीही पाहणाऱ्याला ती थाई नक्षी म्हणून लगेच ओळखू येत असे. काय गाळायचे हे ठरवायला, काय ठेवायलाच हवे हे पक्के ठाऊक असावे लागते. ते त्यांना ठाऊक होते.

याच सुमारास सरकारसाठी त्यांनी विहारांचे तीन नमुना-आराखडे तयार केले. मोठ्या, मध्यम आणि लहान आकारांचे हे आराखडे देशभर पाठवले गेले. ज्या गावात मोठा वास्तुकार नव्हता, तिथेही आता प्रमाणबद्ध विहार बांधता येऊ लागला. हा मोठाच फायदा होता. पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. थायलंडच्या उत्तर भागात आणि ईशान्य भागात विहार बांधण्याच्या वेगळ्या, जुन्या रीती होत्या. राजधानीतून आलेला आयता आराखडा समोर असल्यावर तिथले लोकही तसेच विहार बांधू लागले. त्यामुळे काही ठिकाणी स्थानिक रीत मागे पडली. कागदावर उतरलेली विद्या टिकते आणि दूरवर पोहोचते. पण जी कागदावर उतरली नाही, तिला ती कधीकधी बाजूलाही सारते. हे आपण लक्षात ठेवायला हवे.

1947 साली राजपुत्र नरिस यांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच शिष्याची खरी परीक्षा झाली.

राजा आनंद महिदोन यांचा 1946 साली तरुण वयातच मृत्यू झाला होता. थायलंडच्या प्रथेप्रमाणे राजाच्या अंत्यविधीसाठी बँकॉकमधील राजवाड्याजवळच्या मोठ्या मैदानात एक भव्य इमारत उभारतात. तिला 'मेरू' म्हणतात. हे नाव पुराणातल्या मेरू पर्वतावरून आले आहे. तिला उंच शिखर असते आणि चारही बाजूंनी नक्षी असते. ती उभारायला कित्येक महिने लागतात आणि अंत्यविधी झाल्यावर ती मोडून टाकतात!

यातली अडचण तुमच्या लक्षात आली का? जुना विहार उभा असतो. नवा कारागीर तिथे जाऊन त्याची मापे घेऊ शकतो. पण मेरू शिल्लकच राहत नाही. त्याआधी राजासाठी मेरू उभारला होता तो 1926 साली, राजा वजिरावुध यांच्यासाठी. त्याचा आराखडा राजपुत्र नरिस यांचा होता. पुढचे राजे प्रजाधिपोक 1941 साली इंग्लंडमध्ये वारले आणि त्यांचा अंत्यविधी तिकडेच झाला. म्हणजे 24 वर्षांत राजासाठी मेरू उभारलाच गेला नव्हता. आणि आता विचारायला गुरूही नव्हते.

हे काम फ्रा फ्रोमफिचित यांच्याकडे आले. गुरूजवळ जे पाहिले, जे गिरवले, त्याच्या बळावर त्यांनी आराखडा तयार केला. 1950 सालच्या मार्च महिन्यात राजा आनंद यांचा अंत्यविधी त्या मेरूमध्ये पार पडला. मग नेहमीप्रमाणे तो मेरूही उतरवला गेला.

त्या वेळी फ्रा फ्रोमफिचित साठ वर्षांचे होते. आपल्यानंतर हे काम कोण करील, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. बँकॉकमध्ये पाश्चात्त्य पद्धतीची वास्तुकला शिकवणारे महाविद्यालय आधीच सुरू झाले होते. शहरात नव्या तऱ्हेच्या इमारती उठत होत्या. तरुणांचा ओढा तिकडे असणे साहजिक होते.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी पुस्तक लिहिले. 1952 साली त्यांचे बौद्ध वास्तुकलेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी इमारतींचे भाग आणि नक्षी चित्रे काढून समजावून दिली. जे ज्ञान आतापर्यंत गुरूच्या शेजारी बसूनच मिळत होते, ते आता पुस्तक उघडणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

पण नुसत्या पुस्तकाने हात तयार होत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणाला पोहता येते का? म्हणून दुसरी गोष्ट आवश्यक होती. बँकॉकमध्ये 'शिल्पाकोन' नावाचे कलेचे विद्यापीठ 1943 साली स्थापन झाले होते. शिल्पाकोन म्हणजे शिल्पांचा आकर, कलांची खाण. तिथे आधी चित्रकला आणि मूर्तिकला शिकवत. 1955 साली तिथे थाई वास्तुकलेची शाखा सुरू झाली आणि फ्रा फ्रोमफिचित तिचे पहिले प्रमुख झाले. पूर्वी एका गुरूजवळ मोजकेच शिष्य शिकत. आता दरवर्षी नवा वर्ग येणार होता.

1965 साली फ्रा फ्रोमफिचित यांचे निधन झाले. शिकवण्याचे काम मात्र थांबले नाही. 2016 साली थायलंडचे राजे भूमिबोल मरण पावले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2017 मध्ये, बँकॉकच्या त्याच मैदानात पुन्हा एकदा मेरू उभा राहिला. त्याची उंची 50 मीटरपेक्षा थोडी अधिक होती आणि त्याला नऊ शिखरे होती. आधीच्या राजाचा मेरू उतरवल्याला तेव्हा 67 वर्षे झाली होती. ज्यांनी त्या मेरूवर काम केले होते, त्यांची पिढी संपली होती. तरीही नव्या पिढीला काय करायचे ते ठाऊक होते. कारण मधल्या काळात कोणीतरी शिकवत होते आणि कोणीतरी शिकत होते.

थायलंडच्या शाळांत दरवर्षी गुरुवंदनेचा दिवस असतो. त्या दिवशी मुले शिक्षकांना हरळीचे गवत आणि वांग्याची फुले देतात. हरळी लवकर पसरते, तशी विद्या पसरावी. वांग्याचे फूल खाली झुकलेले असते, तशी शिकणाऱ्यात नम्रता असावी. या साध्या वस्तूंचा असा अर्थ तिथे सांगतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात किंवा शेजारी अशी हातातली विद्या असलेले कोणीतरी असेल. कोणी सुंदर भरतकाम करत असेल, कोणी सुबक अक्षर काढत असेल, कोणी जुनी घड्याळे दुरुस्त करत असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसा. "हे तुम्ही कसे करता?" असे विचारा. आधी नीट पाहा, मग स्वतः करून पाहा. घरी आल्यावर जे समजले ते वहीत लिहून ठेवा.