रीळ संपण्याआधी

चित्र पुरे झाले की त्याच्याखाली काय काय गाडले गेले, हे पाहणाऱ्याला कधी कळत नाही. १९५५ साली फ्रान्समधील नीस येथे आँरी-जॉर्ज क्लूझो या दिग्दर्शकाने आपला स्नेही पाब्लो पिकासो याला कॅमेऱ्यापुढे बसवून नेमके तेच दाखविले. शाई आरपार झिरपेल असा कागद, त्याच्या पाठीमागे कॅमेरा. हात दिसत नाही, रेघ तेवढी उमटत जाते. एके ठिकाणी रीळ जेमतेम पाच मिनिटांचे उरते. तेवढ्यात फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी, आणि कोंबडीचा चेहरा! तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसविणाऱ्या जुन्या गवयांना हा जाच चांगला ठाऊक होता. (आमचे वडील दरबारी गवई, गाताना समोर घड्याळ दिसलेले त्यांना खपत नसे.)

मध्यंतरी आदिलाबादेस माझ्या एका चित्रकार मित्राने मला तंबोरा घेऊन बसविले. त्यांच्या शिष्याने मोबाइलवर सारे टिपले. पहिल्या दहा मिनिटांत कोळशाने जो चेहरा उमटला, तो हुबेहूब वडिलांचा. मग त्यांनी गाल भरले, डोळे उजळले, आणि कागदावर मी आलो.

“मास्तर, थांबायला हवे होते का मी?” त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही.

चित्र दिवाणखान्यात लावले आहे. आई त्याच्याकडे फारसे पाहत नाही. मोबाइल मागते, आणि दहाव्या मिनिटाला थांबवायला सांगते.