पुठ्ठ्याची होडी तरते तरी कशी?

कागदाची होडी आपण सर्वांनीच लहानपणी पावसाच्या पाण्यात सोडली आहे. परंतु पुठ्ठ्याची होडी करून तीत दोन मुलांनी बसावे, वल्हे मारीत पैलतीर गाठावे, असे कोणी म्हटले तर आपण हसू. अमेरिकेतील कित्येक शाळांत मात्र हा अभियांत्रिकीचा रीतसर उपक्रम आहे. याची सुरुवात 1974 साली इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे झाली. तेथील सदर्न इलिनॉय विद्यापीठात रिचर्ड आर्चर नावाचे डिझाइनचे प्राध्यापक होते. त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची अंतिम परीक्षा कागदावर न घेता पाण्यावर घेतली. पुठ्ठ्याची होडी बांधा, तीत बसा आणि तलावात चालवून दाखवा! पुढे या परीक्षेची शर्यत झाली आणि ती गावोगाव पसरली. जी होडी सर्वांत झोकात बुडेल तिलाही तेथे बक्षीस असते, त्याचे नाव ‘टायटॅनिक पुरस्कार’. बुडणाऱ्यालाही टाळ्या मिळतात ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

नियम साधे असतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी एवढेच सामान. लाकूड नाही, थर्माकोल नाही, प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा नाही. वेळ ठरलेली. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा जास्त त्याची होडी चांगली, असा प्रकार नाही. आपल्याकडे शाळेचे ‘प्रोजेक्ट’ म्हटले की पालक दुकानात धावतात आणि तयार ज्वालामुखी विकत आणतात. मूल त्यातून काय शिकते, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता हिशेबाकडे वळू. आम्ही पडलो कारकून, आकड्यांशिवाय आमचे समाधान होत नाही. होडी बुडताना जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार ती उचलते. हा आर्किमिडीजचा नियम आठवी-नववीच्या पोरांना पाठ असतो, पण वापरायचा कसा हे माहीत नसते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दोन मुले प्रत्येकी 45 किलोची, होडी 10 किलोची, एकूण 100 किलो. म्हणजे 100 लिटर पाणी सारले पाहिजे. होडीचा तळ 120 सेंटिमीटर लांब व 60 सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ 7,200 चौरस सेंटिमीटर. एक लाख घन सेंटिमीटरला 7,200 ने भागले की सुमारे 14 येतात. होडी 14 सेंटिमीटर पाण्यात जाईल. काठ 30 सेंटिमीटर उंच ठेवला तर 16 सेंटिमीटर वर राहतो. आता वेगाच्या हव्यासाने रुंदी निम्मी केली तर? होडी जवळजवळ 28 सेंटिमीटर खाली जाते, काठ उरतो दोन बोटे. पहिल्याच हेलकाव्याला पाणी आत! अरुंद होडी पळते खरी, पण कलंडतेही लवकर.

पुठ्ठ्याचे गुण-अवगुणही समजून घेतले पाहिजेत. नालीदार कागदाचे पहिले पेटंट इंग्लंडात 1856 साली निघाले, तेही उंच टोपीच्या अस्तरासाठी! 1871 साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी त्याचे पेटंट घेतले. या पुठ्ठ्याची ताकद नाल्यांच्या दिशेत असते. नालीच्या रेषेवर तो सहज दुमडतो, नालीला आडवा दुमडायला गेले तर अडतो. म्हणून तळाला दोन थर द्यावेत, एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. 14 सेंटिमीटर खोलीवर पाणी तळहाताएवढ्या, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या जागेवर 1 किलो 400 ग्रॅम जोराने वर रेटते. मुले गुडघे टेकून बसतात तेथे सारा भार एका ठिकाणी येतो. तेथे जास्तीचा पुठ्ठा घालावा.

पाणी शिरते ते मुख्यतः कापलेल्या कडेतून. नाल्यांची तोंडे तेथे उघडी असतात आणि पुठ्ठा वातीसारखा पाणी ओढतो. म्हणून कोपरे कापू नयेत, भेटवस्तूच्या वेष्टनासारखे दुमडून आत घ्यावेत. जी कड कापावीच लागेल ती चिकटपट्टीने मढवावी. पट्टी कोरड्या, धूळ पुसलेल्या पुठ्ठ्यावरच धरते. ओल्यावर कितीही दाबा, ती सुटणारच.

आमच्या वस्तीतील मुलांबरोबर आम्ही एका रविवारी याचा लहान नमुना केला. किराणा दुकानातून फुकट आणलेले खोके, 50 बाय 40 सेंटिमीटरचा तुकडा, चारी बाजूंनी 10 सेंटिमीटर वर दुमडलेला. तळ झाला 30 बाय 20. पाणी भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या टाकल्या तर किती बुडेल, हे मुलांनी आधी वहीत लिहायचे. 2,000 भागिले 600, म्हणजे 3.3 सेंटिमीटर. कपडे भिजवायच्या टबात सोडली आणि पट्टीने मोजली तर साडेतीनच्या आसपास भरली. जास्तीचे कोठून आले? सातवीतली एक मुलगी चटकन म्हणाली, “काका, होडीचं वजन कुणी धरलं?” मग बाटल्या आडव्याऐवजी उभ्या ठेवल्या, आणि तीच होडी, तेच वजन, क्षणात उलटी झाली. भार खाली असावा, हे समजावण्यासाठी आम्हांला एकही शब्द बोलावा लागला नाही.

आयांना मात्र बजावून सांगतो. हा खेळ टबातच करावा. मोठी होडी घेऊन मुलांनी तळ्यावर, विहिरीवर किंवा खाडीवर मुळीच जाऊ नये. शाळांच्या स्पर्धा देखरेखीखाली होतात आणि होडीतल्या प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट असते. आपल्या बहुतेक मुलांना पोहता येत नाही.

नमुन्याला एका संध्याकाळचे काम पुरते. भिजलेला पुठ्ठा दोन दिवस उन्हात वाळवून ठेवावा, ओला रद्दीवाला घेत नाही.