सिलिंडरमध्ये पाणी की वारा?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखं डुचमळतं. मग शेगडीत येतो तो वारा कसा?"

आत पाणी नसतं. असतात प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनच्या अणूंचे बनलेले. दोन भावांच्या शेतात एक सामाईक विहीर असते ना? आपला हिस्सा कुणी देऊन टाकत नाही, दोघंही तिच्यावरच भिजवतात, म्हणून दोघंही तिला बांधलेले. हे अणू तसेच आपापले इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. याला सहसंयुज बंध म्हणतात. तो चांगलाच पक्का असतो. असे जोडलेले अणू मिळून एक रेणू होतो.

खरी गंमत पुढे आहे. घरात एकी, पण शेजाऱ्याशी जेमतेम ओळख, असं या रेणूंचं वागणं. एक रेणू दुसऱ्याला घट्ट धरत नाही. मिठाचं उलट. त्यात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो आणि सगळे कण चहूबाजूंनी एकमेकांना ओढून धरतात. म्हणून तापल्या तव्यावर तूप लगेच वितळतं, मीठ मात्र तसंच राहतं. त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात.

प्रोपेन तर उणे ४२ अंशालाच उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. दाबून भरल्यामुळेच ते सिलिंडरमध्ये पातळ राहतात. बाहेर आले की एका लिटरचा सुमारे २५० लिटर वायू होतो. संपत आलेला सिलिंडर आडवा करून शेवटचा चहा उकळणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. तसं करू नका. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी ते पातळच नळीत येऊ शकतं.

हा वायू हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो आणि त्याच खोलीत पेटलेली चूल किंवा देवापुढचा दिवा गाठतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं मर्कॅप्टन मिसळतात.

तो वास आला तर काडी ओढू नका. दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका, बारीक ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा. नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारं सताड उघडा. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ या नंबरवर कळवा. फोनही अंगणात गेल्यावरच लावायचा.