चाळीस हजारांतला कॉम्प्युटर

“कार्ड कुठलं टाकू, ताई?” काउंटरपलीकडचा मुलगा सुरुवातच तिथून करतो.

“कार्ड नको. आत्ता नको,” भाची म्हणते आणि काचेवर वही उघडते.

शनिवारची दुपार, लॅमिंग्टन रोड. दुकान इतकं अरुंद की काउंटरपुढे दोन माणसं शेजारी उभी राहिली की संपलं. त्यात आम्ही दोघं, आमच्या पाठीशी आणखी चौघं, आणि वर माळ्यावर एक पोऱ्या. खालून नाव पुकारलं की तो हवा तोच खोका अचूक खाली सोडतो. बाहेर फुटपाथवर केबल, चार्जर, रिमोट मांडलेत, आणि त्यातून हमाल डोक्यावर मॉनिटरचे खोके घेऊन वाट काढताहेत. भाची बदलापूरहून आली आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइलची ॲप लिहिते. आजवर वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर भागवलं. पण त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ उघडायचं म्हणजे चहा करून यावा लागतो. हाताशी ४०,००० रुपये आहेत, काही शिकवणीचे, काही आजीने दिलेले. मी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून तिने मला, मामाला, सोबत आणलंय. वही मात्र तिची आहे आणि निर्णयही तिचेच.

वहीत पहिली ओळ प्रोसेसरची: रायझन ५ ५६००जी.

“त्यापेक्षा इंटेलचा आय३ घ्या. १२१००एफ. बराच स्वस्त पडेल,” मुलगा सांगतो.

“एफ आहे ना? मग चित्र कुठून येणार?”

मुलगा हसतो. आता त्याला कळलंय की गिऱ्हाईक वाचून आलंय. इंटेलच्या नावाशेवटी एफ असलं की त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं; वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहतो. एएमडीकडे नेमकं उलट, तिथे जी असलं तर चित्र मिळतं. नुसता ५६०० काही बाबतींत सरस आहे, त्याची कॅश ३२ एमबी आणि जीवाल्याची १६, पण कार्डाविना तो काहीच दाखवत नाही. २०२१ साली आलेल्या ५६००जीमध्ये सहा कोर आहेत आणि त्याच चिपवर वेगा ग्राफिक्स. कार्डाचे पैसे आज वाचवायचे असतील तर हे एक अक्षर नीट वाचायलाच हवं.

“पण ताई, याचं एएम४ सॉकेट आता जुनं झालं,” मुलगा दुसरा मुद्दा काढतो. “एएम५ घ्या. पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.”

मुलगा खोटं सांगत नाही. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि त्यावर नवे प्रोसेसर येत राहणार आहेत. हाती पंधरा-वीस हजार जास्त असते तर मीही तेच सांगितलं असतं. अडचण अशी की एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि रॅमचं नाव निघालं की सध्या या रस्त्यावर सगळेच सुस्कारा टाकतात.

“सोळा जीबी, डीडीआर४, ३२००. काय भाव?” भाची विचारते.

“साडेदहा.”

“हजार?” मागे उभे असलेले एक गृहस्थ न राहवून विचारतात.

“काल दहा होता. उद्याचं मी सांगू शकत नाही.”

दिवाळीआधी हीच स्टिक साधारण चार हजारांत मिळत होती. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांचंही लक्ष एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळलंय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं, की क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा बंद. कुठल्या तरी खंडातल्या सर्व्हरची भूक बदलापूरच्या मुलीच्या वहीतल्या तिसऱ्या ओळीवर येऊन पडते. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. शिकणाऱ्या पोरांनी वर्षभर साठवलेले पैसे एका स्टिकमध्ये जाताहेत.

मुलगा तोडगा काढतो. “आत्ता आठ टाका. बाकी नंतर.”

“आठमध्ये एम्युलेटर उघडला की बाकी सगळं बसतं खाली,” ती म्हणते. “सोळा हवेतच.”

मग आमच्या दोघांतच जुंपते. माझं म्हणणं, आठ-आठच्या दोन घे. डीडीआर४-३२००च्या एका चॅनलमधून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन चॅनल भरले की ५१.२. चिपवरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं, म्हणून दोन स्टिकचा त्याला मोठा फायदा होतो. लॅबमध्ये मी नेहमी दोनच लावतो.

“बरोबर आहे, मामा. पण मी गेम कुठे खेळतेय?” ती मदरबोर्डाच्या खोक्यावरचं चित्र माझ्यापुढे धरते. “स्लॉट दोनच आहेत. आठ-आठ लावल्या की दोन्ही भरले. उद्या बत्तीस करायचे तर दोन्ही काढून फेकायच्या. सोळाची एक लावली तर एक जागा मोकळी राहते. भाव उतरला की दुसरी सोळा.”

मी गप्प बसतो. कोड लिहिणाऱ्या माणसाच्या कामाला तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख आहे. चार स्लॉटचा बोर्ड घेतला असता तर वादच नव्हता, पण त्याला अडीच-तीन हजार आणखी लागतात.

प्रोसेसरचे साडेबारा आणि रॅमचे साडेदहा मिळून तेवीस हजार गेले. उरले सतरा, आणि अजून चार वस्तू बाकी.

बोर्ड पटकन ठरतो. त्यात ती दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे खोक्यावर रायझन ५०००चा स्टिकर आहे का; नाहीतर जुन्या बायोसचा बोर्ड गळ्यात पडतो आणि नवा प्रोसेसर ओळखतच नाही. दुसरी म्हणजे मागच्या बाजूला निळं व्हीजीए पोर्ट. घरी काकांच्या ऑफिसातून आलेला एकोणीस इंची मॉनिटर आहे आणि त्याला एवढं एकच तोंड आहे. हे पोर्ट बघितल्यामुळे नव्या मॉनिटरचे पैसे वाचले. बोर्डाचे ५,८०० लागले. एसएसडी ५१२ जीबीची, एनव्हीएमई, ४,९०० रुपये. एक टीबीकडे तिने पाहिलंही नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. इथे मात्र मी बोलतो.

मुलाने एक देखणं कॅबिनेट काढून ठेवलंय. पुढे काच, आत रंग बदलणारे तीन पंखे, आणि “एसएमपीएस सोबतच, ५०० वॅट.” सगळं मिळून साडेचार हजार. मी एसएमपीएसचा डबा हातात घेतो. हलका आहे, नको इतका हलका. तो उलटा करून भाचीला स्टिकरवरचा तक्ता दाखवतो. वर ठळक ५००. खाली बारीक अक्षरांत +१२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर.

“गुण,” मी म्हणतो.

“एकशे ब्याण्णव.”

“एवढेच खरे वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच चालतात.”

मुलगा काही न बोलता मागच्या फळीवरून दुसरा खोका काढतो. साडेचारशे वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ. तक्त्यात १२ व्होल्टखाली ३६ अँपिअर. ती मनातच गुणते: चारशे बत्तीस. आजचं तिचं मशीन पूर्ण ताणलं तरी दीडशे वॅटच्या आसपास राहील, म्हणजे तो १९२वालाही आज कदाचित चालून जाईल. पण उद्या कार्ड बसवायचंय, बदलापूरला पावसाळ्यात वीज येते-जाते, आणि हलका एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही. लॅबमध्ये असे कॉम्प्युटर मी उघडले आहेत: एसएमपीएस फुगलेला, बोर्ड करपलेला, आणि कधी डिस्कही सोबत गेलेली. ब्रॉन्झचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, निम्म्या भारावर ८५ टक्के; तो टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी बघायची, कार्डासाठी सहा-अधिक-दोन पिनांची वायर आहे का ते बघायचं, आणि वजनही बघायचं. कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: पैसे कमी असतील तर काच सोडा, रंग सोडा, पण इथे हात आखडू नका.

३,४०० एसएमपीएसचे. साधं काळं, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट, एक पंखा आधीच बसवलेला, २,४००. एकूण ३९,५००. विंडोज नाही, ती उबंटू टाकणार आहे, अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर उत्तम चालतं.

“बिलाशिवाय घेतलंत तर थोडं कमी करतो,” शेठ गल्ल्यावरून सांगतात.

“बिल हवंच, काका. सीरियल नंबर घालून.” सांगितलेला भाव १८ टक्के जीएसटी धरूनच आहे हे तिने आधीच विचारून घेतलंय.

जोडणी तिला स्वतःच करायची आहे. मुलगा काउंटरचा एक कोपरा मोकळा करून देतो. “जोडा. अडलं तर मी आहे.”

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला जातो. सॉकेटची बारीक दांडी ती वर उचलते. प्रोसेसर कडेने धरून उलटा करते, आणि आम्ही दोघं वाकून बघतो. १३३१ पिना, केसाएवढ्या, एकही वाकडी नाही. शेजारच्या टेबलावर एक कारागीर भिंगाखाली कुणाच्या तरी प्रोसेसरची वाकलेली पिन सरळ करतोय. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक तो पिनेवर चढवतो आणि श्वास रोखून किंचित कलवतो. भाची ते पाहते आणि स्वतःचा हात आणखी जपून पुढे नेते. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर येतो, आणि प्रोसेसर आपल्याच वजनाने आत उतरतो. दाबायचं नसतं. दांडी खाली.

कूलर खोक्यातच आला आहे, पेस्टही लावलेलीच. पण तो स्क्रूने बसणारा आहे, म्हणून बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. ती स्क्रू सोडवायला घेते तसा मुलगा चटकन हात बोर्डाखाली घालतो. “मागची प्लेट पडते, ताई. सगळ्यांची पडते.” चार स्क्रू, एक या कोपऱ्यातला, मग तिरका समोरचा, थोडा थोडा आवळत. रॅमची स्टिक दोन्ही अंगठ्यांनी दाबते, ती टक् करून बसते. शेजारचा स्लॉट रिकामाच. कॅबिनेटमध्ये बोर्ड जाण्याआधी मागची पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी बसवायला विसरायचं नाही. तिने वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

बटण. पंखा फिरतो. दोन क्षण दुकानाच्या मॉनिटरवर काहीच नाही, आणि मग बायोस उघडतं. प्रोसेसरचं नाव बरोबर. मेमरी १६३८४ एमबी.

“झालं!” मुलगा म्हणतो.

“नाही झालं,” ती पडद्यावर बोट ठेवते. “वेग २६६६ दाखवतोय. मी ३२००चे पैसे दिलेत.”

स्टिकवर ३२०० छापलेलं असलं तरी बोर्ड सुरुवातीला सावध वेगानेच चालवतो. छापील वेगाचं प्रोफाइल आपल्याला चालू करावं लागतं. अनेक घरांत वर्षानुवर्षं ते तसंच बंद राहतं. ती मेमरीच्या पानावर जाते, एक्सएमपी प्रोफाइल निवडते, सेव्ह करते. मशीन बंद होऊन पुन्हा उठतं. ३२००. चॅनल एकच असताना हा फरक सोडून देण्याजोगा नाही, आणि तिला तो माझ्या आधी दिसला याचा मला अभिमान वाटतो.

बिल होतं. ती एकेका खोक्यावरचा नंबर मोठ्याने वाचते, मुलगा बिलाशी ताडून बघतो. उरलेल्या ५०० रुपयांतून साडेचारशेचं वाय-फाय डोंगल येतं, कारण बोर्डावर वाय-फाय नाही.

“दादा, रॅम कधी उतरेल?”

“आमचे शेठपण रोज तेच विचारतात. नंबर लिहून ठेवा, उतरली की फोन करतो.”

ती त्याच्या पॅडवर नंबर लिहिते आणि खाली: १६ जीबी, डीडीआर४, ३२००, एक नग.